मॉड्युलरवाल्यांना कोण घेतं म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय. युरोपात पायलट व्हायचं तर इंटिग्रेटेड (एकाच शाळेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग) कोर्सच करा; मॉड्युलरवाल्यांना (टप्प्याटप्प्याने शिकणाऱ्यांना) एअरलाइन दारात उभं करत नाही, त्यांचा उड्डाणाचा अनुभवही तुटपुंजा. इंटिग्रेटेडची फी डोळे पांढरे करणारी असली तरी नोकरी पक्की.

अनुभवाचं आधी बघू, कारण तिथे मेसेज चक्क उलटा आहे. ईएएसए या युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या नियमांप्रमाणे मॉड्युलर वाटेने सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, घ्यायला 200 तास लागतात आणि त्यातले 100 पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला पायलट म्हणून. इंटिग्रेटेड एटीपी (एअरलाइन पायलट) कोर्सला एकूण किमान 195 तास पुरतात, तेही सिम्युलेटरचे 55 पर्यंत तास धरून. पायलट-इन-कमांडचे 70, आणि त्यातले 20 तर इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाचे चालतात. मग तुटपुंजा कोणाचा?

लायसन्स दोघांचं एकच. एटीपीएल (एअरलाइन पायलटचं लायसन्स) थिअरीचे पेपर तेच, प्रत्येकात 75 टक्के गुण लागतातच.

आता 'नोकरी पक्की'. फी भरण्याआधी करारपत्र वाचा. जाहिरातीतली 'नोकरी' तिथे बहुतेकदा 'नोकरीसाठी साहाय्य' झालेली असते. एअरलाइनने स्वतः निवडलेल्या कॅडेटची (शिकाऊ पायलटची) गोष्ट वेगळी, पण तिथे जोर निवडीचा असतो, कोर्सच्या नावाचा नव्हे. आणि शाळाच बुडाली तर? 2023 मध्ये ब्रिटनमधली एफटीए ग्लोबल ही पायलट घडवणारी शाळा बंद पडली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेली मुलं अडकली. मॉड्युलरमध्ये टप्प्याटप्प्याने पैसे भरता येतात, त्यामुळे फटका बसला तरी एका टप्प्याचा. (सवलतीच्या मोहाने शंभर तासांचे पैसे एकदम भरणारे मॉड्युलरमध्येही भेटतात. त्यांना काय सांगणार!)

दारात उभं न करण्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. काही एअरलाइन्सनी वर्षानुवर्षं ठरावीक इंटिग्रेटेड शाळांमधूनच मुलं उचलली. पण रायनएअरसारखी मोठी कंपनी मॉड्युलरवाल्यांना घेते, आणि ती एकटी नाही.

मॉड्युलरचं खरं दुखणं मेसेजमध्ये आलेलंच नाही: खंड. लॉगबुक उघडून बघा. मार्चमध्ये अकरा तास, मग पैसे संपले म्हणून ऑगस्टपर्यंत काही नाही, सप्टेंबरमध्ये तीन तास, तेही आधीचंच पुन्हा गिरवण्यात गेलेले. थिअरीचं घड्याळ तोवर थांबत नाही: पेपर 18 महिन्यांत संपवायचे आणि त्यानंतर 36 महिन्यांत सीपीएल व इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची परवानगी) हातात हवं. म्हणून तास भरायला कुठेही उडा, पण सीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि एमसीसी (दोन पायलटांनी मिळून विमान चालवण्याचं प्रशिक्षण) शक्यतो एकाच शाळेत, सलग करा. एअरलाइनने चौकशी केली तर तुम्हाला ओळखणारा एक तरी चीफ इन्स्ट्रक्टर असतो. चार देशांत चार शाळा केलेल्यांबद्दल बोलायला कोणीच नसतं. आणि मीटिऑरॉलॉजीचा (हवामानशास्त्राचा) पेपर तिसऱ्या खेपेला का सुटला, हे मुलाखतीत दोन्ही वाटांनी आलेल्यांना विचारतात.