महोत्सव सर्वांचा करायचाय? मग आधी स्टेजची उंची ठरवा

थंडी सुरू झाली की ठाण्यात प्रभागाप्रभागांत आणि नवी मुंबईत नोडानोडांत (म्हणजे तिथल्या वसाहतींत) नृत्य महोत्सवांची लगबग असते. पत्रिकेवर हल्ली ‘सर्वांसाठी’ असंही छापतात. आणि मंडपवाल्याला ऑर्डर जाते चार फुटी स्टेजची, मागे लोखंडी शिडी. मग व्हीलचेअरवरच्या नर्तकीला चौघांनी उचलून वर ठेवायचं, निवेदकाने गहिवरायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. हे थांबलं पाहिजे. नाचायला आलेल्या माणसाला सामानासारखं उचलू नये.

रॅम्पचा उतार १:१२ हवा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे चार फुटी स्टेजला ४८ फूट, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. सोसायटीच्या मैदानात एवढी जागा कुठून आणणार? मग सहा फुटी फळी तिरकी टाकून ‘झाला रॅम्प’ म्हणतात. तसल्या चढावर खुर्ची मागे उलटते. त्यापेक्षा स्टेज दीड फुटाचंच ठेवा, १८ फुटांत काम होतं. रॅम्पची रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून पट्टी. मागच्यांना दिसत नाही, अशी तक्रार येणारच. प्रेक्षक तीन बाजूंनी बसवा, पुढे सतरंज्या, मग खुर्च्या. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत जागोजागी एकेक खुर्ची कमी ठेवा. व्हीलचेअरवर प्रेक्षकही येतात आणि त्यांना घरच्यांशेजारीच बसायचं असतं.

स्टेजवर कार्पेट नको. ते सुरकुततं, चाक जड होतं आणि कथकचा तत्कार, म्हणजे पायांचा ठेका, ऐकूच येत नाही. १९ मिमीचा प्लाय घ्या आणि सांधे नीट जुळवून वरून टेप मारा. सांध्यात थोडी जरी फट राहिली तरी व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकतं आणि गिरकीत असलेला माणूस पुढे फेकला जातो. कडेपासून दीड फूट आत प्लायवर सुतळी ठेवून वरून टेप मारली की अंध नर्तकाच्या तळपायाला कड कळते. लावणी किंवा कथक झालं की झाडू फिरवाच. चाळातली घुंगरं निखळून पडलेली असतात आणि पुढच्या गटातली मुलं अनवाणी येतात.

कर्णबधिर मुलांसाठी पोकळ लाकडी स्टेज फार उपयोगी. बेसचा स्पीकर प्लायला टेकवून ठेवला की ठेका पायांतून येतो, काँक्रीटवर तो येत नाही. तरी सुरुवातीचा ठोका हुकतो, म्हणून समोर मोजणी देणारा माणूस हवा, त्याच्यावर उजेड हवा आणि मुलांच्या डोळ्यांत जाणारा स्पॉट बंद हवा. सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन घ्या, साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून. एकट्याचे हात आणि डोकं दोन्ही थकतात. स्ट्रोब लाइट तर नकोच. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाटाने काही जणांना अपस्माराचा झटका येऊ शकतो.

आता वेळापत्रक, कारण खरा अन्याय तिथे होतो. चार मिनिटांचा नाच आणि दोन मिनिटांची अदलाबदल धरली तर २० गट दोन तासांत बसतात, कागदावर. रॅम्पवरून चढ-उताराची जादा मिनिटं कोणी धरत नाही. त्यात पाहुण्यांचे सत्कार. खास सवलतीचा दिवस नसेल तर रात्री १० वाजता लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे. मग कापला जातो शेवटचा गट. आणि ‘विशेष सादरीकरण’ म्हणून शेवटी कोणाला ठेवलेलं असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. विशेष भाग काढून टाका, चिठ्ठ्या टाकून क्रम लावा, सत्कार सगळ्यात शेवटी ठेवा.

मिश्र गट करायचे असतील तर तारपा नाचासारखं दुसरं काही नाही. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवरचा हा नाच, तारपा हे त्यातलं फुंकून वाजवायचं वाद्य. तारपेकऱ्याभोवती एकमेकांना धरलेली साखळी फिरते, त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही. अंध माणूस शेजाऱ्याच्या अंगावरून चाल पकडतो. मात्र शिकवायला पाड्यावरचेच कलाकार बोलवा आणि त्यांना मानधन द्या, वडापाव-चहावर बोळवण नको. ठाण्यातल्या चेंदणी किंवा नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळी मंडळींनाही हेच लागू.

भाड्याच्या फिरत्या शौचालयाला पायऱ्या असतात. वर चढता येत नाही म्हणून माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि तालमीत भोवळ येते. त्यापेक्षा तळमजल्यावर शौचालय असलेल्या शाळेचं पटांगण मागा. कपडे बदलायला बायकांची एक, पुरुषांची एक एवढ्यावर भागत नाही. तृतीयपंथी कलाकार असतात, मदतनीस लागणारे असतात. पडदे लावून चार-पाच स्वतंत्र जागा करा.

पैशाचं रडगाणं मला पटत नाही. बुटकं स्टेज उंच स्टेजपेक्षा महाग पडायचं कारण नाही. एलईडी वॉल थोडी लहान घ्या आणि ते पैसे दुभाष्यांकडे वळवा.

आणि रॅम्प आदल्या दिवशी सकाळीच तपासा, माणूस बसलेली खुर्ची वर नेऊन आणि खाली आणून. संध्याकाळपर्यंत सुतार निघून गेलेला असतो.