‘चित्र काढा, गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप. सगळीकडे एक मेसेज फिरतोय. रूप दर वेळी थोडं वेगळं, गाभा तोच. रोज ४५ मिनिटं चित्र काढलं की ताणाचं हॉर्मोन, म्हणजे कॉर्टिसॉल, ७५ टक्क्यांनी उतरतं आणि हे अमेरिकेतल्या विद्यापीठानं सिद्ध केलंय. मंडल, म्हणजे गोलात काढलेली नक्षी, रंगवलं तर गुण आणखी लवकर. मनातलं दुःख कागदावर काढा, त्याचा निचरा होतो. नैराश्य असो की स्किझोफ्रेनिया, कलेनं सगळं बरं होतं, गोळ्या लागत नाहीत. आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं, म्हणून तर रांगोळी आणि वारली. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

यातलं थोडं खरं आहे, आणि ते थोडंसं खरं बाकीच्या भंपकपणात बुडून जातं. माझा राग त्याचा आहे.

आधी ते ७५ टक्के. आकडा हवेतून आलेला नाही. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ५९ वयाची ३९ निरोगी माणसं घेतली. समोर मार्कर आणि कागद, माती, कोलाजचं सामान ठेवलं. पाऊण तास हवं ते करा म्हणून सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल उतरलेलं दिसलं. लोकांचं! म्हणजे चारातल्या तिघांचं काही ना काही कमी झालं. प्रत्येकाचं पाऊण हिश्श्यानं कमी झालं, असं अभ्यासात कुठंही नाही. शाळेचा दहावीचा निकाल ७५ टक्के लागला म्हणून प्रत्येक पोराला ७५ टक्के मार्क पडले असं कोणी समजत नाही. हॉर्मोनचं नाव आलं की मात्र तीच मंडळी मुकाट मान डोलावतात. आणि राहिलेल्यांत ज्यांचं कॉर्टिसॉल वाढलं, त्यांच्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही.

शिवाय त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पाऊण तास नुसतं निवांत बसलेल्या माणसांचं काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर चढतं आणि दिवसभर आपसूक उतरत जातं, त्यामुळे ही तुलना महत्त्वाची. एवढ्यावरून अभ्यास टाकाऊ ठरत नाही. तो लहान आणि सुरुवातीचा आहे, इतकंच. गंमत म्हणजे त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट मेसेजवाल्यानं गाळली आहे. चित्रकलेचा अनुभव असलेले आणि नसलेले, यांच्यात फरक पडला नाही. ‘माझा हात वळत नाही हो’ म्हणत आयुष्यभर रंगांपासून लांब राहिलेल्या माणसांसाठी खरी बातमी हीच होती.

मंडलाचं प्रकरण लवकर आटपतं. २००५ साली करी आणि कॅसर या दोघा संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी भीतीचा प्रसंग आठवायला लावला, मग कोणाला मंडल, कोणाला साधी चौकडी रंगवायला दिली, तर कोणाला कोरा कागद. चिंता मंडलानं उतरली आणि चौकडीनंही जवळपास तितकीच उतरली. कोऱ्या कागदानं तसं झालं नाही. २०१२ च्या एका अभ्यासात मंडल चौकडीपेक्षा सरस ठरलं, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण महागडी मंडल-पुस्तकं घेण्याआधी पोराच्या गणिताच्या वहीतल्या चौकोनांवर हात चालवून पाहायला हरकत नसावी.

आता निचरा. हा दावा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकताक्षणी पटतो. साठलं की तुंबतं, बाहेर काढलं की मोकळं होतं. मनाचं असंच असणार असं आपण धरून चालतो. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. आधी माणसांना उदास केलं. मग काहींना ती उदासी कागदावर काढायला सांगितली, काहींना तिच्याशी संबंध नसलेलं भलतंच काही. मनःस्थिती जास्त सुधारली ती भलतंच काढणाऱ्यांची. लहान मुलांतही तसंच आढळलं. हा परिणाम तेवढ्या वेळेपुरता मोजलेला आहे, हे खरं. तरी ‘तुझं दुःखच काढ’ असा आग्रह धरणाऱ्यांनी थोडं थांबावं. दुःखात असलेल्या माणसाला मांजर काढावंसं वाटलं तर काढू द्यावं.

लिहिण्याची गोष्ट जरा वेगळी आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या संशोधकांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्याझाल्या त्यांचं मन जास्त खिन्न झालेलं होतं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर अशा १४६ अभ्यासांचा एकत्र ताळा घेतला गेला, तेव्हा फायदा निघाला, पण लहान. म्हणजे उपयोग होतो, थोडा होतो, आणि आधी त्रास होतो. नुकतंच कोणी गमावलेल्या माणसानं रात्री एकट्यानं वही उघडण्याआधी हे तिसरं माहीत असायला हवं. मेसेज नेमकं तेच लपवतो.

पूर्वजांकडे वळू. वारली चित्र म्हणजे प्राचीन आर्ट थेरपी, म्हणजे कलेच्या आधारानं मनावर केलेला उपचार, हे त्या चित्राला लहान करणं आहे. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्ण बाया तांदळाच्या पिठानं चौक लिहीत, मधोमध पालघट देवी. त्याशिवाय लग्न लागत नसे. ते मन शांत करायला काढलेलं नव्हतं, लग्न लावायला काढलेलं होतं. परंपरेतलं उदाहरण हवंच असेल तर जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. सासुरवास, माहेर, भाऊ, नवऱ्याचं वागणं, सगळं त्यांत आहे. दळणाऱ्या बाईला त्यानं बरं वाटत असणार, आणि समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई ऐकायलाही असे. सासू त्यानं बदलली नाही.

राहिल्या गोळ्या. स्किझोफ्रेनियाबाबत ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, ‘मॅटिस’ नावाची. निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ४१७ रुग्णांचे तीन गट केले: नेहमीच्या उपचारांबरोबर आर्ट थेरपी, नेहमीच्या उपचारांबरोबर खेळ-गप्पा-फिरणं असा साधा गट, आणि फक्त नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी लक्षणांत किंवा रोजच्या वागण्या-जगण्यात तिन्ही गटांत फरक दिसला नाही. बरेच जण सत्रांना फिरकलेच नाहीत, हेही नोंदवलं गेलं. तिथल्या उपचार-मार्गदर्शिकेत कला-उपचारांचा विचार करावा असं आजही आहे. लक्ष द्यायचं ते इथे: औषधं तिन्ही गटांत नेहमीच्या उपचारांचा भाग म्हणून चालूच होती. गोळ्यांच्या जागी चित्रं, अशी तुलना त्या चाचणीत नव्हतीच. नैराश्याच्या गोळ्या मनानं एकदम बंद केल्या तर चक्कर, झोपमोड, अस्वस्थता होऊ शकते आणि आजार उलटू शकतो. कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

घरी रंगवत बसणं आणि आर्ट थेरपी यांत मेसेज फरकच करत नाही. थेरपीत शिकलेला माणूस समोर असतो, ठरलेली वेळ असते, निघालेलं सावरायची सोय असते. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला ‘आर्ट थेरपिस्ट’ म्हणवणं गुन्हा आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण याच्या व्याख्येत आर्ट थेरपिस्ट नाही. त्यामुळे शनिवार-रविवारची कार्यशाळा करून पाटी लावणाराही भेटतो आणि वर्षानुवर्षं शिकलेलाही. पैसे भरण्याआधी विचारावं: कुठं शिकलात, किती काळ, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, आणि माझी तब्येत बिघडली तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नाला ‘तशी वेळच येणार नाही’ असं उत्तर आलं तर उठावं. आणि वेळ आलीच असेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर मोफत, चोवीस तास चालू आहे.