‘दहा-बारा बोल्ट काढले की झाले’: गाडीचा पुढचा भाग घरी उतरवण्याविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: इंजिनाचे कोणतेही मोठे काम निघाले की आधी गाडीचा पुढचा भाग, म्हणजे बंपर, दिवे, रेडिएटर आणि हे सगळे धरून ठेवणारी चौकट, सरळ उतरवून ठेवावी, दहा-बारा बोल्टांचे तर काम आहे, बॅटरीची तार काढली की एअरबॅगची भीती उरत नाही, एसीची नळी सैल करून गॅस जाऊ द्यावा, त्याने काही बिघडत नाही, खाली शिरायचे असेल तर जॅक पुरेसा आहे, आणि शेवटी काढले त्याच्या उलट क्रमाने सगळे जोडावे.

हे काम घरी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. जागा, हत्यारे आणि त्या गाडीचे दुरुस्तीचे पुस्तक हाताशी असेल तर ते नीट होते. आक्षेप आहे तो बोल्ट मोजून कामाची जोखीम ठरवण्याला, कारण त्या चौकटीवर एसी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), अपघातातील सुरक्षा आणि बॉनेटचे कुलूप अशा चार निरनिराळ्या व्यवस्था बसवलेल्या असतात.

पहिला मुद्दा ‘कोणत्याही कामासाठी’ या शब्दांचा. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असेल तर त्याचा टायमिंग बेल्ट किंवा चेन (झडपांची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवून ठेवणारा पट्टा किंवा साखळी) बहुधा रेडिएटरच्या बाजूला येते, आणि तेव्हा पुढची जागा मोकळी केल्याचा मोठा फायदा होतो. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या अशा अनेक गाड्यांमध्ये निर्मात्यानेच ही सोय ठेवली आहे: बोल्टांच्या जागी लांब दांडे बसवून संपूर्ण चौकट काही सेंटीमीटर पुढे सरकवायची, नळ्या मात्र शक्यतो जोडलेल्याच ठेवायच्या. बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवे असते. तिथे बेल्ट चाकाच्या बाजूला असतो आणि त्याच्यापर्यंतचा रस्ता चाक, आतले प्लॅस्टिकचे आवरण आणि इंजिनाचा एक माउंट, म्हणजे आधार, काढून जातो. त्यासाठी बंपर उतरवणे ही बहुधा वायफळ मेहनत ठरते. शिवाय काही गाड्यांत ही चौकट बोल्टने जोडलेली नसून वेल्ड केलेली असते. ती कापणे म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच हात घालणे होय आणि ते काम घरचे नाही.

बॅटरीची तार काढण्याचा सल्ला योग्य आहे, पण अर्धवट आहे. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या नियंत्रकात वीज साठवणारे कपॅसिटर असतात आणि ते तार काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात. म्हणून इग्निशन बंद करून, ऋण टोकाची तार काढून थांबावे लागते. किती थांबायचे ते गाडीगणिक बदलते, कुठे ९० सेकंद, तर कुठे ३ मिनिटे किंवा त्याहूनही अधिक. पुढच्या धक्क्याचे सेन्सर पुष्कळ गाड्यांत याच चौकटीवर किंवा तिच्या आसपास असतात. ते सोडवताना आपटू नयेत, ते ज्या दिशेने बसवले होते त्याच दिशेने परत बसवावेत, आणि ते सुटे असताना ‘जरा बघू’ म्हणून इग्निशन सुरू करू नये, कारण त्याच क्षणी बिघाडाची नोंद होते आणि एअरबॅगचा दिवा पुढे जळत राहतो. हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीत उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी तारा दिसल्या की घरगुती काम तिथेच थांबवावे. साधी बॅटरी सोडवल्याने त्या तारा निर्धोक झाल्या असे धरून चालता येत नाही.

सर्वांत घातक वाक्य एसीच्या गॅसविषयीचे आहे. पुष्कळ गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा वायू वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंशांना उकळतो. गाडी बंद उभी असतानाही, बाहेर ३० अंश तापमान असेल तर त्या नळ्यांमधला दाब वातावरणाच्या साडेसात पटींच्या आसपास असतो. नळीचा बोल्ट सैल केल्यावर द्रवरूपात बाहेर पडणारा हा पदार्थ त्वचेवर किंवा डोळ्यावर आला की तिथली उष्णता ओढून घेतो आणि हिमदाह होतो. बंद गॅरेजमध्ये तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे काम करणारा पालथा पडलेला असतो. ज्योत किंवा अतितप्त पृष्ठभाग मिळाला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ तर सौम्य प्रमाणात ज्वलनशीलही आहे. वातावरणाचा हिशेब वेगळाच: शंभर वर्षांच्या मोजणीत आर-१३४एचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पटींच्या घरात जातो. आणि एवढे करून फायदा काहीच नाही, कारण उघड्या नळीतून आत गेलेली ओल कंप्रेसरच्या तेलात शोषली जाते, ओल टिपणारी शोषक डबी बदलावी लागते आणि पुन्हा निर्वात करून गॅस भरण्याचा खर्च येतोच.

यावरचा मार्ग मुळीच अवघड नाही. बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरला लागून असलेली एसीचा गॅस थंड करणारी जाळी, रेडिएटरपासून सोडवून, नळ्या जोडलेल्याच ठेवून, पुठ्ठ्यात गुंडाळून बाजूला दोरीने टांगता येतो. फक्त त्याचे वजन नळ्यांवर येऊ द्यायचे नाही. नळी उघडल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर आधी गाडी एसीच्या कारागिराकडे नेऊन यंत्राने गॅस काढून घ्यावा.

कूलंटबद्दल सल्ल्यात एक शब्दही नाही, याचे आश्चर्य वाटते. गरम रेडिएटरमध्ये दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वरही द्रवच राहते; झाकण उघडताच त्याची वाफ होऊन ते अंगावर उसळते. इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज झाकणाला हात लावू नये. काढलेला द्रव झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण त्यातला इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतो, विषारी असतो, आणि कुत्री-मांजरे तो चाटतात. ऑटोमॅटिक गिअरच्या अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्याही रेडिएटरमध्येच शिरतात. त्या सोडवल्या की लगेच बुचे लावावीत.

जॅकविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. सपाट, टणक जमीन, मागच्या चाकांना ठोकळे आणि निर्मात्याने सांगितलेल्या जागी पुरेशा क्षमतेचे जॅक स्टँड, एवढे झाल्यावरच खाली शिरावे. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे भाराखाली एकाएकी फुटतात.

राहिला उलट क्रमाचा मुद्दा. बॉनेटचे कुलूप आणि पुष्कळदा त्याला आधार देणारी दांडीही याच चौकटीच्या वरच्या पट्टीवर असते. म्हणजे पट्टी काढण्याआधीच बॉनेटला दुसरा आधार द्यायला हवा, नाहीतर ते डोक्यावर येते. कुलपाच्या बोल्टांची भोके मुद्दाम मोठी ठेवलेली असतात, त्यामुळे ते जागेवरून थोडेसे सरकले तरी बोल्ट घट्ट बसतात आणि सगळे ठीक दिसते. पण आकडा अर्धवट अडकलेला असला तर वेगात बॉनेट उघडून काचेवर आदळू शकते. म्हणून काढण्यापूर्वी प्रत्येक वॉशरभोवती मार्करने किंवा अणकुचीदार खिळ्याने रेघ मारावी आणि जोडल्यावर कुलूप त्याच रेघेत बसवावे. बॉनेट लावून ते दोन्ही हातांनी वर ओढून पाहावे. मग गाडीच्या आतला बॉनेट उघडण्याचा खटका ओढून दुसरा, सुरक्षेचा आकडा त्याला धरतो की नाही हेही तपासावे. बंपरमागच्या धक्का झेलणाऱ्या आडव्या पट्टीचे बोल्ट टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तकातील आकड्याला आवळावेत.

उलट क्रमात न बसणारी कामे त्यानंतर सुरू होतात. दिवे हलले असतील तर त्यांचा रोख पुन्हा जुळवावा लागतो, आणि जाळीमागे रडार असलेल्या गाडीत त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळणी, यंत्रावरच होते. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा बाहेर काढावी, पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे, आणि इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहून कमी असल्यास त्याच प्रकारचे कूलंट घालावे.