मागीलदार

आमच्याकडे प्रोजेक्टर आला तो फुकटात, आणि खर्चाला खरी सुरुवात तिथून झाली. सावंतवाडीच्या एका मित्राने हॉटेल बंद केलं. गाद्या, पंखे, फ्रीज, भिंतीवरची घड्याळंसुद्धा लोकांनी उचलली. प्रोजेक्टर तेवढा राहिला. "तू ने. लॅम्प अजून हजार तास जाईल," तो म्हणाला. मी तो मांडीवर घेऊन एसटीने मालवणला आलो. इतका जपून धरला होता की शेजारच्या बाईंनी "आत कोंबडी आसा काय?" म्हणून विचारलं. ही २०१४ सालच्या एप्रिलमधली गोष्ट.

माजघराची एक भिंत त्यातल्या त्यात मोकळी होती. तिथलं कॅलेंडर आणि आजोबांचा फोटो हलवल्यावर (कॅलेंडरला एक मिनिट लागलं, फोटोला तीन दिवस) आठ फूट रुंद पांढरी जागा मिळाली. नेटवरून पिक्चर बघायचा प्रश्नच नव्हता. आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि तार माडांच्या झावळ्यांतून. वाऱ्याची झुळूक आली की घराला बरं वाटायचं, इंटरनेटला नाही. म्हणजे चकतीच लावायची, हे ठरल्यासारखं होतं.

पहिल्या संध्याकाळी जुना डीव्हीडी प्लेअर जोडला आणि बायकोच्या आग्रहाखातर आमच्या लग्नाची व्हीसीडी लावली. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ठिपके असतात ३५२. वीस इंची टीव्हीत ते खपून जात होते. भिंतीवर सहा फुटांत पसरले. अंतरपाट बाजूला झाला आणि पलीकडे बायको नव्हतीच, चौकोन होते. भटजी म्हणजे चार पांढरे चौकोन. वरमाला तर रस्त्यावर डांबराचे ठिगळ मारावे तशी दिसत होती.

"यात मी कुठली?" बायकोने विचारलं.

"डावीकडचा गुलाबी चौकोन."

"ती तुमची आत्या आहे."

त्यानंतर मी दोन दिवस गप्प राहून गणित केलं. सहा फूट भागिले ३५२, म्हणजे एक ठिपका पाच मिलिमीटरहून थोडा मोठा. स्वयंपाकघरातले डबे उघडून पट्टीने मोजत बसलो, तेव्हा हे माप कुळथाला बरोबर लागलं. आमची लग्नाची फिल्म कुळथाची होती. डीव्हीडीला आडवे ७२० ठिपके, आठ फुटांत प्रत्येकी सव्वातीन-साडेतीन मिलिमीटर, म्हणजे बारीक मूग. आणि ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची चकती, तिला १९२०. सव्वा मिलिमीटर. नाचणी! नाचणीच्या डब्यात हात घालून मी तिथेच ठरवलं की आता या घरात ब्लू-रे प्लेअर आल्याशिवाय राहत नाही. "डब्यात काय शोधताय?" या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. ती माझी चूक झाली. त्या दिवशी बजेट ठरलं, पाच हजार, आणि ते मी ठरवलं नाही.

मुंबईचा भाचा या विषयातला तज्ज्ञ. त्याला फोन लावायला विहिरीच्या कठड्यावर उभं राहावं लागे, कारण रेंज तिथेच. तेव्हा आमच्या घराण्यातल्या प्लेअरविषयीच्या सगळ्या महत्त्वाच्या चर्चा पाण्यात वाकून झालेल्या आहेत. भाच्याने विचारलं, "मामा, चोवीस फ्रेम देतो का ते बघ." सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. प्लेअरने २४च पाठवली तर ठीक. साठात कोंबली तर एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा जरा वळला की दृश्य घाटातल्या एसटीसारखं हिसके खात वळतं. हे मी वहीत लिहून घेतलं. मग थ्रीडी हवं का, वायफाय हवं का. त्यावर आईने परसातून ओरडून विचारलं, "बावडीत कोणाशी बोलतंस?"

रात्री जेवताना तिला समजावलं. डीव्हीडी वाचणारा किरण लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५. पाटीवर बोथट पेन्सिलीने चार ओळी बसतात आणि टोकदार पेन्सिलीने दहा, तसं. त्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीवर ४.७ जीबीच्या जागी २५ जीबी मावतं, दोन थर दिले तर ५०. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घर बघूक गेलंस तर आधी मागीलदार बघूचा." मला वाटलं ती विषय बदलतेय.

बातमी वाडीत गेल्यावर देणारे हात पुढे आले. मस्कतचा चुलतभाऊ गणपतीला येणार होता, तो म्हणाला, तिकडून स्वस्तात आणतो. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण ब्लू-रेच्या चकत्यांना जगाचे तीन वाटे करून दिलेले आहेत, ए, बी आणि सी. आखात बी मध्ये, आपण सी मध्ये. मस्कतचा प्लेअर आणि मुंबईची चकती यांचं जमेलच असं नाही. काही चकत्या कुठेही चालतात, काही मुळीच चालत नाहीत, आणि कोणती कशी हे लावल्यावर कळतं. डीव्हीडीच्या प्लेअरला रिमोटवर कसलेसे आकडे दाबून फितवता यायचं. हा तितका भोळा नाही. पत्रिका जुळत नाही म्हणून भावाला नकार कळवला. तो अजून थोडा रागावलेला आहे.

दुसरं स्थळ भाच्याच्या मित्राने लॅमिंग्टन रोडवर पाहिलं. वापरलेला, विलायती, वजनदार प्लेअर, हाय डेफिनिशन, फक्त नऊशे रुपये. मी विहिरीवर आनंदाने नाचायचा बाकी होतो. मग भाच्याने नीट वाचून सांगितलं, वर 'एचडी डीव्हीडी' लिहिलंय. हा ब्लू-रेचा जुना वैरी. तोशिबाने १९ फेब्रुवारी २००८ ला हात टेकले आणि लढाई संपली. म्हणजे आता तो प्लेअर नऊशे रुपयांत मिळत होता, पण त्याच्यात घालायची चकती बाजारात मिळत नव्हती. चूल घ्यावी आणि लाकडं जगातून संपलेली असावीत.

अखेर कुडाळला एका दुकानात गेलो. तिथे एकच ब्लू-रे होता, टीव्हींच्या मागे, खोक्यावर धूळ. किंमत चार हजार नऊशे. मी वही काढली. चोवीस फ्रेम? हो. जुन्या डीव्हीडी, व्हीसीडी? हो. दुकानदार माझ्याकडे कौतुकाने बघत होता. "दादा, इथे येणारा प्रत्येक जण पेनड्राइव्ह चालतो का एवढंच विचारतो. चकती चालते का विचारणारे तुम्ही पहिले." त्या कौतुकाच्या भरात मी पैसे मोजले. प्लेअर पुढून फार देखणा होता. एक बटण, बाकी काळं तुळतुळीत.

मागची बाजू मी घरी येऊन बघितली.

मागे दोनच भोकं होती. एक एचडीएमआयचं, एक नारिंगी गोल. आवाजाची लाल-पांढरी जोडी नव्हतीच. आमच्याकडे आवाजासाठी होता गणपतीतल्या भजनांचा ॲम्प्लिफायर, दोन माणसांनी उचलावा असा, आणि त्याला समजते फक्त लाल-पांढरी भाषा. एचडीएमआयच्या केबलमधून चित्र आणि आवाज हातात हात घालून प्रोजेक्टरपर्यंत जातात, पण प्रोजेक्टरला तोंडच नाही. त्या रात्री आम्ही भिंतीवर अप्रतिम, नाचणीएवढ्या बारीक ठिपक्यांचा, संपूर्ण मुका पिक्चर बघितला. आई अंधारात काही बोलली नाही. नुसती 'हूं' म्हणाली, ते मागीलदार आठवून.

नारिंगी भोकातून निघणारा आवाज डिजिटल. तो लाल-पांढऱ्यात उतरवायला काड्यापेटीहून थोडी मोठी डबी लागते. ती कुडाळला नाही, कणकवलीला नाही; कोल्हापूरला मिळाली. फोंडा घाट चढून गेलो आणि उतरून आलो. डबी जोडली तर खर्रर्र असा आवाज, खोबरं किसावं तसा. पुन्हा विहीर. भाचा म्हणाला, प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज 'पीसीएम', म्हणजे साधा सुटा, कर, त्या डबीला डॉल्बीचा आवळून बांधलेला आवाज कळत नाही. केलं, आणि माणसं बोलू लागली. चार हजार नऊशे, अधिक डबी, अधिक डबीचा वेगळा ॲडाप्टर, अधिक दहा मीटर एचडीएमआय केबल, अधिक घाट. बायकोला मी 'पाच हजारांत बसलं' असंच सांगितलं. केबल तर उंदरासाठीच आणल्यासारखी झाली. दुसरी पीव्हीसीच्या पाइपातून नेली. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना पडलेली लाल धूळ अजून कुठे कुठे सापडते.

प्रोजेक्टरच्या बुडाखालचं लेबल वाचायचं मला सुचलं ते यानंतर. १२८० गुणिले ७२०. म्हणजे प्लेअर १९२० ठिपके पाठवतो आणि प्रोजेक्टर त्यातले आपल्याला झेपतील एवढे करून घेतो. दोन मिलिमीटरला थोडं कमी. नाचणी नव्हे, मोहरी. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

पण मोहरीसुद्धा काय चीज असते ते मेच्या शेवटी कळलं. मुंबईहून एक चकती मागवली होती, समुद्राखालच्या जीवांची. अर्धी वाडी जमली. भिंतीवर निळं पाणी पसरलं आणि समोरून एक भलामोठा मासा आला, कुठल्या तरी दूरच्या महासागरातला. आमच्या शेजारचे तात्या चाळीस वर्षं रापणीचं जाळं ओढलेले. ते उठून भिंतीजवळ गेले, वाकले, डोळ्यांजवळ डोळे नेले. त्यांच्या डोक्याची सावली माशाच्या पोटावर पडली.

"ताजो आसा," ते म्हणाले. "डोळे बघ, चकचकतत. कल्ले लाल आसत."

यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला नको होतं. मूग-कुळथाच्या चित्रात कुणाच्या बापाला कल्ले दिसले नसते. मग त्या माशाचं तिखलं करावं की आमटी यावर वाद पेटला, निवेदक काय सांगतोय ते कोणी ऐकलं नाही, आणि वाद निकालात निघायच्या आत लाईट गेली.

लाईट जाणं ही आमच्याकडे बातमी नसते. पण हा प्लेअर लाईट आल्यावर सगळं विसरतो. पहिल्यापासून सुरू, आधी मिनिटभर विचार, मग कंपनीची निशाणी, मग कायद्याची तंबी, जी पुढेही ढकलता येत नाही. त्या रात्री लाईट चारदा गेली. वाडीतल्या पोरांना ती तंबी आजही तोंडपाठ आहे. मासा पाचव्या वेळी आला तेव्हा तात्या म्हणाले, "आता शिळो झालो."

पावसात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून जून ते ऑगस्ट प्रोजेक्टर कपाटात, सोबत चाळीस वॅटचा बल्ब पेटता ठेवून. तो काढला गणपतीच्या आदल्या रात्री. आणि त्या गणपतीत प्लेअरची आणखी एक खोड बाहेर आली.

आईला भजनांची सीडी लावून हवी होती. प्लेअर सीडी वाजवतो, पण पुढच्या काळ्या तुळतुळीत अंगावर आकड्यांची पट्टीच नाही. स्वस्तात देताना तीही काढून घेतलेली. कितवं भजन चाललंय ते बघायचं, बदलायचं, तर चित्र हवं. चित्र हवं तर प्रोजेक्टर. तेव्हा एका भजनासाठी मित्राने दिलेल्या हजार तासांतला लॅम्प पेटवला. नवा लॅम्प प्लेअरच्या दुप्पट किमतीचा, त्यामुळे माझं भजनाकडे लक्ष नव्हतं.

चाकरमानी, मस्कतचा भाऊ, तात्या, सगळे आरती आटपून आले आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून बसले. आठ फूट निळ्या रंगावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'ट्रॅक ३', खाली सरकणारे आकडे. ४.१६. ४.१७. ४.१८. कोणी हललं नाही. छपरातली पाल उतरली आणि दर सेकंदाला बदलणाऱ्या आकड्यावर झडप घालू लागली. प्रत्येक वेळी तो तिच्या तोंडातून निसटायचा आणि मागून हसू यायचं. मी हिशेब करत उठलो, रिमोट घेतला, प्रोजेक्टर बंद करावा म्हणून.

"बस रे," आई म्हणाली. "अजून दोन मिनिटां आसत."