साडेचारशेचा पट्टा

आईच्या उजव्या हाताला चार महिने मुंग्या येत होत्या. रात्री दोन-अडीचला उठून हात झटकत बसायची. ती गावी असते, कऱ्हाडजवळ, त्यामुळे मला कळलंच उशिरा, मग पुण्याला घेऊन आलो. काल फाईल आवरताना पावत्या सापडल्या, बेरीज केली आणि झोपच उडाली.

ऑर्थो ९००. मानेचा एक्स-रे ६००. तो दाखवायचे परत ५००. मग मणक्यात काहीतरी वाटतंय म्हणून एमआरआय, ७,५००. रक्ताच्या टेस्ट (बी ट्वेल्व्ह, डी, थायरॉईड, शुगर, सगळंच) २,८००. एमआरआयमध्ये वयानुसार झीज, बाकी काही नाही, तर म्हणे न्यूरोला दाखवा. न्यूरो १,५००. त्यांनी मात्र आधी आईलाच विचारलं, "मावशी, रात्री जास्त होतं का? हात झटकला की बरं वाटतं?" दोन्ही मनगटं वाकवून मिनिटभर धरायला लावली आणि तिथंच म्हणाले मनगटातली नस दाबली गेलीय, कार्पल टनेल, खात्रीसाठी एनसीव्ही (नसांची टेस्ट) करून घ्या. ३,५००. आता गंमत बघा, फॉलोअप फ्री सात दिवस आणि एनसीव्हीची अपॉइंटमेंट मिळाली आठव्या दिवशी, म्हणून रिपोर्ट दाखवायला परत १,५००. शेवटी इलाज काय, तर रात्री मनगटाला बांधून झोपायचा पट्टा. ४५०.

टोटल १९,२५०. गाडीभाडं आणि माझ्या तीन रजा वेगळ्या.

पहिल्या डॉक्टरांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, मानेमुळंही हाताला मुंग्या येतात हे मलाही आता माहितीय. पण रात्री जास्त होतं का, हा प्रश्न फुकट होता ना राव.

मग डोकं सणकलं म्हणून सहज दोन-तीन स्कॅन सेंटरला फोन लावले. रेट विचारला की समोरून पहिला प्रश्न, "रेफर कोणी केलंय?" पेशंटला काय झालंय ते नाही, चिठ्ठी कोणाची ते. एका ठिकाणी म्हटलं कोणी नाही, आमचं आम्हीच येतोय, तर बाई पटकन म्हणाल्या, "मग ५,२०० मध्ये करून देऊ." आम्ही भरले होते ७,५००. मधले २,३०० कुणाच्या खिशात जातात ते मी कशाला सांगू. डॉक्टरांनी कमिशन घेऊ नये हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय, आपल्या राज्यात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदासुद्धा तयार झाला होता. मसुदाच राहिला.

आणि तुम्ही म्हणाल मेडिक्लेम नाही का? आहे की! दरवर्षी २८ हजार भरतो आईआण्णांचे. एजंटला फोन केला तर म्हणाला ओपीडी कव्हर नाही. शेजारच्या काकांनी आयडिया दिली, एक रात्र ॲडमिट कर, सगळं त्यात बसव. ते पण विचारलं, तर नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट झालात तर क्लेम रिजेक्ट, तसं कलमच आहे पॉलिसीत. म्हणजे आजार सापडून खाटेवर पडलो तर कंपनी उभी, पण आजार कुठला हे शोधायचं ते आपल्या पैशानं. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, चांगलीच योजना आहे, आमच्या भावकीत एकाची अँजिओप्लास्टी झाली त्यात. पण तिचाही मुख्य भर ॲडमिट करून करायच्या उपचारांवर. मोठ्या ऑपरेशनची भीती सगळ्यांनी घातली आणि त्याची सोयही थोडीफार झाली. पण आमच्यासारख्यांचे पैसे त्याच्या आधीच संपतात, पाचशे-हजार-दीड हजार असे सुट्टे सुट्टे जातात म्हणून मोजतच नाही कुणी.

सरकारीत जायचं होतं, असं कुणीतरी लिहिणारच. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हे मान्य. पण आमच्या तालुक्याला न्यूरोचा डॉक्टर नाही, आणि मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तीन-तीन चकरा मारायला आई तयार नव्हती. खरं सांगायचं तर मीही नव्हतो, माझ्या रजा संपल्या होत्या.

आईला मी खर्च सांगितलाच नव्हता. विचारायची तेव्हा "झाले तीन-साडेतीन हजार" म्हणायचो. तिनं जाताना गुपचूप पावत्या बघितल्या असणार, कारण परवा फोनवर म्हणाली, "पट्ट्यानं चांगलं हाय आता, परत न्हाई यायचं दाखवायला."

आण्णांचा गुडघा दिवाळीपासून सुजलाय. काल विचारलं तर म्हणाले, "चाललंय की. तुझी आई तेल लावती."