रक्त थांबलं, पण तपासलं कुणी? मालवणच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. मूळव्याधीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागावून का होईना, पण सविस्तर लिहिलंत, हे मला आवडलं. तुमचं म्हणणं असं: चार महिने रक्त जात होतं, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी हॅमामेलिस आणि नक्स व्होमिका दिलं, दीड महिन्यात रक्त बंद झालं. आणि मी मेडिकलवाला, म्हणून मलमं खपवायला होमिओपॅथीला नावं ठेवतो, वर मालवणी माणसाच्या ताटालाही.

मलमाचं आधी सांगतो. मलमानं आग कमी होते, मूळव्याध जात नाही, हे मी त्याच लेखात लिहिलंय.

तुम्हाला बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुम्हीच खाली लिहिलंय, की डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला लावलं, रात्री इसबगोल सुरू केलं आणि संडासात मोबाइल न्यायला मनाई केली. काका, मूळव्याधीचा अर्धाअधिक इलाज हाच! गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या आपल्या सगळ्यांनाच असतात. खडा झाला, कुंथावं लागलं, तासन्‌तास बसून राहिलं की त्या फुगतात, खाली सरकतात, सोलवटून रक्त येतं. पोटात चोथा गेला की शौच मऊ होतं. चोथा वाढवल्यावर रक्त जाण्याचं प्रमाण साधारण निम्म्यानं कमी होतं, हे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलंय. शिवाय मूळव्याधीचं रक्त मधूनमधून आपसूक थांबतंही.

आता गोळ्या. नक्स व्होमिका म्हणजे आपल्या रानातला काजरा. त्याची बी जहरी, पण 30 पॉवरच्या गोळीत ती उरतच नाही. एकास शंभर असं तीस वेळा पातळ करतात, आणि बाराव्या वेळेनंतर मूळ पदार्थाचा एक रेणू सापडणंही कठीण. हॅमामेलिसच्या मदर टिंक्चरची गोष्ट वेगळी, त्यात झाडाचा अर्क खरोखर असतो आणि तो बाहेरून लावल्यावर थोडं बरं वाटू शकतं. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं 2015 साली उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा कुठल्याच आजारात नाही. हे मी द्वेषानं लिहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पथ्य नीट सांगितलं, त्याचं श्रेय त्यांना आहेच.

ताटाबद्दल. मासे खाऊ नका असं मी लिहिलेलं नाही. बांगडा ‘गरम पडतो’ म्हणून मूळव्याध होते, हेही मी मानत नाही. पण दोन्ही वेळा पांढरा भात, माशाचं तिखलं आणि सोलकढी, यात चोथा जवळजवळ नाहीच. ट्रॉलरवर जाणारे खलाशी पाणी कमी पितात, शौच दाबून ठेवतात. आंबा-हंगामात पेट्या उचलणारे गडी श्वास रोखून जोर लावतात. बाळंतपणानंतर बायकांना होतं, त्यात लोहाच्या गोळ्यांनी खडा होतो, तेही कुणी सांगत नाही. ही माणसं दुकानात येतात तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहतात. मग हळूच, “ते... खालचं मलम द्या.” लाजेपायी वर्षं काढतात.

माझी खरी काळजी इथंच आहे. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत तपासणीचा शब्द नाही. तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे, चार महिने रक्त गेलं, आणि बोट घालून किंवा दुर्बिणीनं कुणी पाहिलंच नाही! आतड्याच्या कॅन्सरचं रक्तही असंच लालभडक दिसू शकतं, आणि तेही काही दिवस थांबतं. गोळ्या घ्यायच्या तर घ्या, पण आधी सर्जनकडे जा, हिमोग्लोबिन करून घ्या आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, लागेल का ते त्यांना स्पष्ट विचारा. वजन घटलंय, शौचाची सवय बदललीय किंवा चालताना धाप लागतेय, तर हेही त्यांना सांगा. मूळव्याधच निघाली तर मोड बघून त्याच्या मुळाशी छोटा रबर बँड लावतात, म्हणजे तो सुकून गळतो. सुरुवातीच्या मोडांना बहुधा मोठं ऑपरेशन लागत नाही.

शेवटी तुम्ही सुरणाचं विचारलंत. जरूर खा. आमसूल घालून पुरता शिजवा, नाहीतर घसा खाजेल. सोबत नाचणीची भाकरी, पावसाळ्यात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला. आणि इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यातूनच घ्या. कोरडं गिळलं तर ते उलट अडकतं.