द्राक्षबागेला मिनी ट्रॅक्टरच हवा

पाच एकरांच्या बागायतदाराने ट्रॅक्टरऐवजी स्किड स्टीअर लोडर (पुढच्या बादलीने माती-शेण उचलणारं छोटं यंत्र) घ्यावा, हा एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर बंधूंनी हे यंत्र टर्की पक्ष्यांची शेड साफ करायला बनवलं. अरुंद जागेत जागच्या जागी वळणं ही त्याची ताकद. पण त्याची चाकं वळत नाहीत. एका बाजूची जोरात, दुसरीकडची हळू फिरवून ते घसटत वळतं. ओल्या काळ्या जमिनीत ओळीच्या टोकाला रोज असं वळवलं तर माती उकरून निघेल.

आणि द्राक्षात मुख्य काम कसलं? फवारणीचं! ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) भीतीने पहाटेच ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, काढावा लागतो. तो मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर चालतो. स्किड स्टीअरला हायड्रॉलिकवरची वेगळी अवजारं लागतात, आपला ब्लोअर-रोटाव्हेटर त्याला चालत नाही.

मोठा गोठा असेल, रोज शेण उचलायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण वर्षातून एकदा मुरूम नि खत भरायला तासावर जेसीबी मिळतो, त्यासाठी कर्ज कशाला काढायचं? २० ते २५ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर बघा, आणि बुकिंगआधी त्याची मागची रुंदी टेपने मोजून ओळीतल्या अंतराशी ताडून घ्या.